एकोणीस घरांचं अपील

आधीच सांगून टाकतो, ही बाई मला कधी आवडली नाही. आजही आवडते असं म्हणवत नाही. तरी तिची हकीकत मीच सांगायला हवी. तिच्या विरोधात गावानं जो अर्ज केला त्यावर सातवी सही माझी आहे. पुढे जे घडलं त्यातलं निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, उरलेलं माझ्या दुकानाच्या काउंटरवर कानी आलं. गावात औषधाचं दुकान एकच. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेली माणसं रक्तदाब कशानं वाढला तेही सांगून जातात.

ती शाळेची बस चालवायची. मुलं तिला बसताई म्हणत, मुलांचं ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. उंच, हाडकुळी, आवाज खरखरीत. सकाळी साडेसहाला शाळेच्या आवारात यायची, बसभोवती एक चक्कर मारायची, प्रत्येक टायरवर हातोडीचा दांडा आपटून कान देऊन ऐकायची, मगच चावी लावायची. थांब्यावर एक मिनिट थांबायची. दुसरं मिनिट नाही. एकदा डॉक्टरांचा नातू बुटाची नाडी बांधत बसला तर त्याला तसाच सोडून निघून गेली. डॉक्टर शाळेत जाब विचारायला गेले, तेव्हा म्हणाली, "पुढच्या थांब्यावर अकरा पोरं उभी असतात. एकाच्या नाडीपायी त्यांना का ताटकळत ठेवू?" डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत मनात धरलं.

गाडी चालवायला तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. तो दुधाचा टँकर चालवायचा. एके दिवशी लांबच्या फेरीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. टँकर परत आला, तो आला नाही. ती रडली असेल तर घरात रडली असेल. आम्हाला दिसली ती पंधरा दिवसांनी, अवजड वाहनाचं लायसन्स काढायला निघालेली.

माहेर याच गावातलं. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला एक अडचणीचं वळण आहे, त्या वळणावरच तिच्या वडिलांचं घर, मागे लाकडाची वखार. वडील गेल्यावर मोठ्या भावानं, म्हणजे आमच्या वखारवाल्यानं, तिच्याकडून घरावरच्या हक्काचं सोडपत्र लिहून घेतलं. मागची खोली जन्मभर तुझीच, असा शब्द दिला. दोन वर्षांत त्या खोलीत फळ्यांची थप्पी लागली. बसताई काही बोलली नाही. बोलली तिची आई. म्हातारीनं आपली गादी गुंडाळली, काठी घेतली आणि मुलीकडे चालती झाली.

मुलगी राहायची बेकरीच्या मागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. एका खोलीची भिंत भट्टीला लागून होती. थंडीत बरं वाटायचं, उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ टेकवायची सोय नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पिठाची पांढरी साय धरायची. म्हातारी तिथे अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिची औषधं माझ्याकडून जायची. गोळ्यांच्या पाकिटांवर मी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचो, 'सकाळी एक', 'संध्याकाळी अर्धी'. म्हातारी गेली तेव्हा वखारवाला स्मशानात सगळ्यांच्या पुढे उभा होता.

त्यानंतर काही वर्षांनी शहरातल्या लोकांना आमचं गाव आवडायला लागलं. शनिवारी यायचं, व्हरांड्यात बसायचं, रविवारी संध्याकाळी कुलूप लावून जायचं. एकामागून एक घरं विकली गेली. बेकरीवाल्यानंही मागच्या खोल्या विकल्या आणि भाडेकरूंना दोन वर्षांच्या आत त्या रिकाम्या करायला सांगितलं. भाड्यानं खोली शोधायला बसताई गावभर फिरली. पाच दिवस बंद असणाऱ्या घरांच्या मालकांना तिनं फोन केले. एकीनं सांगितलं, "आम्हाला यायचं असतं हो कधीमधी."

असं तिचं एकटीचंच नव्हतं. बेकरीचा भट्टीवाला, दवाखान्यातल्या दोन नर्सेस, शाळेचा शिपाई, दूधगाडीचे ड्रायव्हर अशी एकोणीस कुटुंबं निघाली. कामाला याच गावात, पण राहायला जागा नाही. शाळेच्या रस्त्याच्या टोकाला एक बंद पडलेली रोपवाटिका होती. तिची मालकीण, एकटीच राहणारी म्हातारी, म्हणाली, "शहरवाल्यांना देण्यापेक्षा तुम्हाला देते. पण माझ्या डोळ्यांदेखत बांधा." घरबांधणीची संस्था काढायचं ठरलं. कागद पुढे आला तेव्हा पहिली सही करायला कुणी धजेना. सगळे एकमेकांकडे बघत बसले. बसताईनं पेन ओढलं आणि सही केली, म्हणून तीच अध्यक्ष झाली.

डॉक्टरांचं घर त्याच रस्त्यावर, आणि त्यांच्या गच्चीतून रोपवाटिकेपलीकडची टेकडी दिसते. त्यांनी आम्हा चाळीसेक जणांना चहाला बोलावलं. डॉक्टर फार सभ्य माणूस. म्हणाले, "माझा कुणाच्या घराला विरोध नाही. पण जागा चुकीची आहे." मग एकेकाला कंठ फुटला. गटार तुंबेल. रस्ता पुरणार नाही. चोऱ्या वाढतील. एक बाई म्हणाल्या, "त्या दूधगाडीवाल्यांची पोरं आपल्या अंगणात खेळायला येणार." ती पोरं आजही त्यांच्या अंगणात खेळतच होती, पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी सही का केली? माझ्या दुकानात येणाऱ्या दहांपैकी आठ चिठ्ठ्या डॉक्टरांच्या असतात. एवढंच.

विरोधाच्या अर्जावर दोनशे बारा सह्या झाल्या. तिसरी सही वखारवाल्याची.

नियोजन कार्यालयानं संस्थेचा अर्ज तीन कारणं देऊन फेटाळला. वळणावर रस्ता अकरा फूटच आहे, दोन वाहनं समोरासमोर आली तर अडकतील. पावसाचं पाणी जायला वाट नाही. आणि एवढी घरं झाली तर गावाचं रूप बिघडेल. डॉक्टरांकडे पुन्हा चहा झाला. "संपलं," असं म्हणत डॉक्टरांनी हात झटकले.

अपिलाला साठ दिवसांची मुदत होती. अठ्ठावन्नाव्या दिवशी बसताईनं अपील दाखल केलं.

तिथून गाव जे उठलं ते विचारू नका. तिच्या दाराला कुणीतरी काळं ऑइल फासलं. बसच्या टायरमधली हवा दोनदा गेली. दोन्ही वेळा तिनं स्वतः जॅक लावला आणि शाळेची घंटा व्हायच्या आत मुलं पोचवली. तेरा घरांनी मुलांना बसमधून काढून घेतलं. सकाळी वळणाजवळ त्यांच्या गाड्यांची ही गर्दी, आणि अडकलेले बाप काचा खाली करून म्हणायचे, "बघा, आत्ताच एवढी गर्दी, एकोणीस घरं झाली तर काय होईल?"

मग शाळेकडे एक निनावी पत्र गेलं. बसची चालक भरधाव चालवते, वळणावर वेग कमी करत नाही, मुलांच्या जिवाची काळजी वाटते, वेळीच दखल घ्यावी. शाळेनं तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. बदली ड्रायव्हर आणला, त्यानं दुसऱ्याच दिवशी बस वखारीच्या भिंतीला घासली. बसमध्ये वेग नोंदवणारं यंत्र असतं. नवव्या दिवशी त्याचा कागद निघाला. गेल्या दोन वर्षांत गावाच्या हद्दीत बस तिसाच्या वर कधी गेलीच नव्हती.

ते पत्र मी लिहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटलं की आपणही काहीतरी करून दाखवावं.

ती कामावर परतली त्या दिवशी दुपारी दुकानात आली. डोकेदुखीच्या दोन गोळ्या मागितल्या. मी पाकिटात घालून दिल्या, सवयीनं वर लिहिलं, 'सकाळी एक, संध्याकाळी एक'. तिनं पाकीट हातात धरून बराच वेळ बघितलं.

"शाळेनं मला ते पत्र दाखवलं," ती म्हणाली. "काळजी, वेळ. अकरा वर्षं आईच्या पाकिटांवर तुमचा हा ळ बघितलाय. शेपटी अशी वर वळवून तुमच्याशिवाय कुणी काढत नाही."

काउंटरपलीकडे दुसरी गिऱ्हाइकं होती. आता ही आरडाओरडा करणार, असं मला वाटलं. तिनं पाकीट काउंटरवर तसंच ठेवलं आणि गेली. त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी ती चढली नाही. पण हे तिनं कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी करता आला असता.

संस्थेनं एक तरुण वकीलबाई धरली होती. तिनं भूमापन कार्यालयातून रस्त्याचा जुना नकाशा शोधून काढला. नकाशात वळणावरचा रस्ता साडेचौदा फूट होता. मग साडेतीन फूट गेले कुठे? ते वखारवाल्याच्या भिंतीआड गेले होते. बसताईनं नकाशा बघितला आणि घडी घालून आपल्या पिशवीत टाकला. म्हणाली, "हा द्यायचा नाही." भट्टीवाला तिच्यावर तडकला, "अहो, अख्खं अपील या एका कागदावर उभं आहे!" ती म्हणाली, "मग आडवं होऊ दे. आधी मी भावाशी बोलते."

ते बोलणं मला वखारवाल्याच्या बायकोकडून कळलं. गोळ्या घ्यायला आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली.

"आमच्या नणंदबाई आल्या होत्या," ती म्हणाली. "बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, दादा, तो कागद मी पुढे करणार नाही. तू फक्त तुझी सही मागे घे."

"मग?"

"मग काय, यांचा पारा चढला. म्हणाले, सही मागे घेऊन डॉक्टरांना कुठलं तोंड दाखवू? भाड्याच्या खोलीत जन्म काढलास, उरलेलाही काढ. त्यावर त्या म्हणाल्या, त्या खोलीत तुझी आई अकरा वर्षं होती. यांनी हातातली फळी आपटली." तिनं गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. "मी चहा ठेवला होता हो. तसाच आटला."

अपिलाची सुनावणी शाळेच्या सभागृहात लागली. अपील अधिकारी म्हणून एक ठेंगण्या बाई आल्या. पायात जाड तळव्यांचे बूट, हातात पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांचं ऐकलं. डॉक्टर तासभर बोलले. गटाराचा मुद्दा संस्थेच्या वकीलबाईनं पाण्याच्या उताराची मोजमापं दाखवून निकालात काढला. उरला रस्ता. अधिकारीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मी त्या वळणावरून स्वतः जाऊन बघेन. शाळेची बस किती वाजता निघते?"

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बरोबर असावा असं ठरलं. डॉक्टर बसमध्ये चढायला तयार नव्हते. त्यांनी मला पाठवलं. तर सकाळी मी, अधिकारीबाई आणि सव्वीस पोरं अशी आमची वरात निघाली. बसताईनं माझ्याकडे आरशातून एकदा पाहिलं, मग पाहिलंच नाही.

वळण आलं. तिनं वेग उतरवला, काच खाली केली, हात बाहेर काढून डाव्या बाजूचा आरसा मिटवायला एका मोठ्या मुलीला सांगितलं आणि उजव्या बाजूचा स्वतः मिटवला. भिंत खिडकीला लागून सरकत गेली. मुलीनं हात आत घेतला, त्या हाताला हे रोजचंच वळण पडलेलं दिसलं.

"रोज असंच करावं लागतं?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"रोज. चार वेळा."

"ही भिंत पहिल्यापासून इथेच आहे का?"

वखारवाला फाटकात उभा होता. खाली केलेल्या काचेतून त्याला सगळं ऐकू जात होतं. बसताईनं भावाकडे बघितलं नाही. गिअर बदलला. "नाही," एवढंच म्हणाली.

अधिकारीबाईंनी लगेच हात वर केला. "थांबा. इथे मी जबाब घेऊ शकत नाही. अकरा वाजता सभागृहात सांगा, दोन्ही बाजूंसमोर."

मुलं उतरली, अधिकारीबाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मी आवारातच घुटमळत राहिलो. बसताई रोजच्यासारखी बस झाडत होती. वखारवाला तरातरा चालत आला, धाप लागलेली, बसच्या दाराशी उभा राहिला.

"काय बोलणार आहेस तू अकरा वाजता?"

"विचारतील ते."

"बाबांचं घर आहे ते. बाबांची अब्रू काढणार चारचौघांत?"

"बाबांनी भिंत आत बांधली होती दादा. ते गेल्यावर तू ती पाडलीस आणि बाहेर घेतलीस. विटा कुणी उचलून दिल्या तुला? मीच ना? मला म्हणालास, लाकूड ठेवायला जागा होईल. मी तुझ्याच घरासाठी राबत होते, मला काय ठाऊक पुढे माझ्याच खोलीत लाकूड येणार."

"बोललीस तर मला बहीण नाही, समजून जा."

ती झाडू हातात घेऊन खालच्या पायरीवर आली. "आत्तापर्यंत होती?"

त्यानं बसच्या पत्र्यावर हात मारला आणि निघून गेला. तेव्हा तिला मी दिसलो. "ऐकलंत ना सगळं?" ती म्हणाली. "लिहून घ्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

अकरा वाजता सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. तिनं जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं. भिंत बावीस वर्षांपूर्वी साडेतीन फूट बाहेर आली. बांधताना आपण स्वतः हजर होतो. जुना नकाशा हा. एवढे दिवस दिला नाही, कारण भाऊ आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज वाटते का?" दुसरा म्हणाला, "घरभेदी!" अधिकारीबाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली.

डॉक्टरांचे वकील उठले. मोठे, शहरातून आणलेले.

"या योजनेत तुमचं स्वतःचं घर आहे?"

"आहे. पाच नंबरचं."

"म्हणजे या भिंतीबद्दल असं सांगण्यात तुमचा फायदा आहे."

"आहे."

वकिलांना हे अपेक्षित नसावं. "म्हणून तर सांगताय!"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगतेय. बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. या सभागृहातल्या प्रत्येकानं ती भिंत पुढे येताना बघितलीय. वखारीतून लाकूड स्वस्तात मिळायचं, म्हणून सगळे गप्प."

अधिकारीबाईंनी वखारवाल्याला उभं केलं आणि सरळ विचारलं. तो उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, साफ नाकारेल. पण त्यानं सभागृहावरून नजर फिरवली. डॉक्टर मान खाली घालून कागद चाळत होते, जणू या माणसाला ते ओळखतच नव्हते. ते बघून तो भडकला.

"सरकवली! मी एकट्यानंच सरकवली का? डॉक्टरांच्या फाटकाचे खांब बघा कुठे आलेत. केमिस्टच्या दुकानाच्या पायऱ्या बघा. पोस्टाशेजारच्यानं तर न्हाणीघर बांधलंय रस्त्यात! मोजा ना सगळ्यांची!"

एकच गदारोळ उठला. जो तो शेजाऱ्याच्या पायऱ्यांवर आणि ओट्यांवर घसरला. दोनशे बारा सह्यांची एकी पाच मिनिटांत मोडली. बसताई आपल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला आनंद झालेला दिसला नाही. भाऊ दारातून बाहेर पडताना तिनं खुर्चीवरून अर्धवट उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसली.

रस्त्याची मोजणी झाली. सहा आठवड्यांनी निकाल आला. अपील मंजूर. अतिक्रमणं काढली तर रस्ता पुरतो, ती काढावीत. रूपाबद्दल अधिकारीबाईंनी लिहिलं होतं की जिथे बसचालक, नर्स आणि भट्टीवाला राहू शकत नाहीत त्या गावाचं रूप आधीच बिघडलेलं आहे. डॉक्टरांनी ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं, दोन्ही वेळा तिरस्कारानं, आणि कागद टेबलावर टाकला. त्या दिवशी चहा आला नाही.

माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या गेल्या. आता म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हात देऊन वर घ्यावं लागतं. डॉक्टरांचे खांब मागे गेले. त्यांनी वखारवाल्याशी बोलणं टाकलं, कारण हरण्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं आणि बसताईच्या डोक्यावर फोडून आता काही उपयोग नव्हता. वखारवाल्यानं भिंत स्वतःच पाडली. मजूर लावले नाहीत. तीन दिवस पहार घेऊन खपत होता. बस दिवसातून चार वेळा शेजारून जायची. त्यानं मान वर केली नाही, तिनं हॉर्न वाजवला नाही. बायको एकदा पाणी घेऊन बाहेर आली तर तिच्यावरच ओरडला.

बांधकाम चाललं तेव्हाही गावानं सुखानं काही होऊ दिलं नाही. विटांचा ट्रक आला की नेमकी कुणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडायची. रोपवाटिकेच्या म्हातारीला बाजारात लोक ओळख दाखवेनासे झाले. ती तरी खुर्ची टाकून रोज काम बघत बसायची आणि चौथ्या ओळीचा पाया भरत असताना गेली. तिच्या प्रेताला खांदा द्यायला संस्थेचीच माणसं होती.

वर्षभरानं एकोणीस कुटुंबं राहायला आली. बुटकी, एकसारखी घरं, पुढे हातभर अंगण. बसमधून काढलेली तेरा मुलं एकेक करून परत आली, कारण रोज सकाळी सोडायला जायचा आईबापांना कंटाळा आला. बसताईनं सगळ्यांना घेतलं, एकाही आईशी मात्र बोलली नाही. तिच्या घराला पाच नंबर आहे. भाऊ तिथे गेलेला नाही. वहिनी एकदा गेली होती, कोपऱ्यावरून परतली. हे तिनंच मला सांगितलं.

नव्या घरांतली माणसं औषधं आणायला बाहेरगावी जायची. तापानं फणफणलेलं पोर घेऊन माझ्या दुकानावरून पुढे जाताना मी बघितली आहेत. बसताईनं सांगितलं होतं की आपण होऊन, माहीत नाही. शेवटी एका रविवारी मी उठलो आणि तिच्याकडे गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून प्रथमोपचाराची एक पेटी घेतली. दार उघडंच होतं. ती आत खिडकीचा पडदा लावत होती. तिनं वळून बघितलं, पडदा अर्धा तसाच सोडला आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"माफी मागायला आलात की गिऱ्हाईक?" तिनं विचारलं.

मी खरं बोललो. "दोन्ही."

तिनं पेटीकडे बघितलं, घेतली नाही. "पत्र लिहिलंत त्याचं मला तेव्हा फार वाटलं होतं," ती म्हणाली. "नऊ दिवस मी खोलीत बसून होते. रोज साडेसहाच्या आत उठून तयार व्हायचे आणि बसून राहायचे. आता काही वाटत नाही. दुकानाचं म्हणाल तर माणसांना मी अडवलं नाही, ज्याला यायचं तो येईल."

"आणि तुम्ही?"

"मी नाही येणार."

घर छान झालंय म्हणालो. उजेड चांगला आहे म्हणालो. मग एक पाय पुढे टाकला, वाटलं, इथवर आलोच आहे तर निदान बसा म्हणेल.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय, ओली आहे."

मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.